साखळी सोडणारा हात

मागच्या व्याख्यानात आपण वेडेपणा आणि विवेक यांच्याविषयी बोललो होतो. देकार्तपासून निघालो आणि फुकोपर्यंत आलो. त्यानंतर एका श्रोत्याचा एका ओळीचा प्रश्न आला : "सर, या सगळ्यात त्या रुग्णांना जेवायला कोण घालत होतं?"

आधी मला हसू आलं, मग जरा ओशाळल्यासारखं झालं. तीसेक वर्षं मी हा विषय वर्गात शिकवला. फुकोचं 1961 सालचं पुस्तक, त्यातली कोंडवाड्यांची चर्चा, ज्ञान आणि सत्ता, सगळं शिकवलं. पण जेवायला कोण घालत होतं, हे मी कधी विचारलं नाही आणि एकाही विद्यार्थ्यानं मला विचारलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न आहे. मी वैद्यकाचा माणूस नाही, नर्सिंगचा तर नाहीच. तरी या विषयाशी माझा एक घरगुती संबंध आहे, तो ओघात येईल.

एका चित्रापासून सुरुवात करू. टोनी रोबेर-फ्लरी या फ्रेंच चित्रकारानं 1876 साली ते काढलं. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयाचं अंगण आहे. विस्कटलेल्या कपड्यांतल्या वेड्या बायका, कोणी जमिनीवर पडलेली, कोणी खांबाशी बांधलेली. मधोमध एक तरुण मुलगी उभी आहे, तिची बंधनं काढली जात आहेत. शेजारी हातात काठी घेतलेले एक भारदस्त गृहस्थ उभे आहेत आणि एक बाई वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेते आहे. हे डॉक्टर फिलिप पिनेल, आधुनिक मानसोपचाराचे जनक. मानसशास्त्राच्या कितीतरी पाठ्यपुस्तकांत हे चित्र असतं. मीही ते स्लाइडवर दाखवत असे आणि सांगत असे, "पाहा, फ्रेंच राज्यक्रांतीनं वेड्यांनाही मुक्त केलं."

आता जरा नीट बघा. पिनेल नुसते उभे आहेत. मुलीच्या अंगावरचं लोखंड सोडणारा माणूस दुसराच आहे, साध्या कपड्यातला, कामात गुंतलेला. इतकी वर्षं ती स्लाइड दाखवली, पण या माणसाकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

खरा इतिहास असा आहे. पॅरिसच्या दक्षिणेला बिसेत्र नावाची एक अवाढव्य संस्था होती. रुग्णालय म्हणायचं, पण तीच अनाथालय, तीच भिकाऱ्यांची धर्मशाळा आणि तोच तुरुंग. गिलोटिनचं पातं नीट चालतं की नाही याची चाचणी 1792 च्या एप्रिलमध्ये इथल्याच प्रेतांवर झाली. ही अशी जागा! तिथे 1771 साली ज्याँ-बाप्तिस्त पुसाँ नावाचा एक तरुण आला. धंद्यानं कातडी कमावणारा, म्हणजे आपल्याकडे ढोर समाज जे काम करतो ते. तो नोकरीसाठी आला नव्हता, त्याला गंडमाळा झाल्या होत्या. बरा झाल्यावर तो घरी गेला नाही, तिथेच कामाला लागला. 1780 च्या दशकाच्या मध्यापासून त्याच्याकडे 'असाध्य' वेड्यांच्या विभागाचा कारभार आला. शिक्षण बेताचंच, वैद्यकाची पदवी नाही. त्याची बायको मार्गरित ज्युब्लीन हीही त्याच्या जोडीनं तिथे राबत होती.

पिनेल बिसेत्रला आले ते 1793 साली, म्हणजे पुसाँला त्या विभागात आठेक वर्षं झाल्यावर. आणि दोनच वर्षांत, 1795 ला, ते बायकांच्या सालपेत्रिएर रुग्णालयात बदलून गेले. बिसेत्रमधल्या साखळ्या काढल्या गेल्या 1797 साली. तेव्हा पिनेल तिथे नव्हतेच! काढल्या त्या पुसाँनं. पुढे 1802 साली पिनेलनी खटपट करून पुसाँला सालपेत्रिएरला आणवलं, आणि मग तिथल्याही साखळ्या गेल्या.

पिनेलनी हे श्रेय चोरलं असं मात्र समजू नका. त्यांनी आपल्या ग्रंथात पुसाँ आणि त्याच्या बायकोचा उल्लेख मोकळ्या मनानं केला आहे. दंतकथा रचली ती पुढच्या पिढीनं, त्यातही पिनेलच्या मुलानं. बाप डॉक्टर, मुलगाही डॉक्टर, आणि नव्या वैद्यकशाखेला एक मूळपुरुष हवा होता. कातडी कमावणारा चालला नसता. पुसाँनं स्वतःच्या कामाविषयी लिहिलेलं एक टिपण फ्रान्सच्या सरकारी दप्तरात पडून होतं. ते डोरा वायनर या इतिहासकार बाईंनी शोधून 1970 च्या दशकाच्या अखेरीस छापलं, तेव्हा कुठे अभ्यासकांमध्ये या माणसाचं नाव पुन्हा घेतलं जाऊ लागलं.

या टिपणात मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक बारीक गोष्ट. साखळ्या काढण्याच्या कितीतरी आधी पुसाँनं एक नियम केला होता : रुग्णानं मारलं तरी सेवकानं उलट हात उचलायचा नाही. सेवकांनी ओरडा केला. आमच्या जिवाची हमी कोण देणार? आणि त्यांची भीती काही खोटी नव्हती. पुसाँ हटला नाही. त्यापायी त्याला जुनी माणसं काढावी लागली. नवी माणसं त्यानं कुठून आणली? बऱ्या झालेल्या रुग्णांतून. ज्यानं साखळी अंगावर सोसली आहे तो दुसऱ्याला मारताना दहा वेळा विचार करेल, असा त्याचा हिशेब असावा. मला तरी असं वाटतं की साखळ्या 1797 मध्ये निघाल्या त्या या माणसांच्या भरवशावर. आधी हात बदलले, मग लोखंड काढता आलं.

आणि एक सांगायला हवं, नाहीतर मीही दंतकथाच सांगतोय असं होईल. साखळ्यांच्या जागी पुसाँनं वापरला तो जाड कापडाचा बाह्याबंद अंगरखा, ज्याला इंग्रजीत स्ट्रेटजॅकेट म्हणतात. म्हणजे बंधन गेलं असं नाही, ते मऊ झालं. फुको पिनेलवर तुटून पडतो ते इथेच : लोखंड काढलं आणि मनावर पहारा बसवला. युक्तिवाद तगडा आहे. पण ज्याच्या घोट्याला बेडी घासून जखम झाली आहे, त्याला लोखंड आणि कापड यांतला फरक कळतो. तो फरक क्षुल्लक म्हणायचा अधिकार मला नाही.

आता मार्गरितबाईंची गोष्ट. पिनेलनीच नोंदवली आहे. एका रुग्णानं अन्न सोडलं होतं, पार मरणाच्या दारात पोचला होता. ही बाई ताट घेऊन गेली. त्यानं ताट लोटून दिलं आणि शिव्या दिल्या. तिनं काय करावं? त्याच्या भ्रमाचाच सूर पकडला आणि त्याच्यासमोर उड्या मारत नाचायला लागली, त्याच्या शिव्यांना गमतीदार उत्तरं देऊ लागली. माणूस हसला. हसला त्या क्षणी तिनं त्याला भरवलं. तो वाचला.

आता एक योगायोग बघा. 1797 साली, बिसेत्रमधल्या साखळ्या निघाल्या त्याच साली, तिकडे क्योनिग्सबर्गमध्ये इमॅन्युएल कांट एक निबंध छापत होता. परोपकारासाठी खोटं बोलायचा हक्क माणसाला आहे का, हा त्याचा विषय. कांटचं उत्तर सर्वश्रुत आहे : नाही. दारात खुनी उभा राहून तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असला तरी नाही. हा निबंध मी दर वर्षी शिकवत असे. त्यावर प्रश्न काढत असे, दहा गुणांचा. पण मार्गरितबाई जे नाचली ते खोटं होतं का? तिनं त्या माणसाला सत्य सांगितलं नाही. फसवलं असंही म्हणवत नाही. नर्सिंगच्या कामात अशी किती कृत्यं असतील, जी आमच्या खऱ्या-खोट्याच्या चौकटीत बसतच नाहीत! बरं, याच कांटनं पुढच्या वर्षी, 1798 साली, असंही लिहून ठेवलं की गुन्हेगार वेडा आहे की नाही हे ठरवण्याचं काम वैद्यकाच्या नव्हे, तत्त्वज्ञानाच्या विभागाकडे यावं. आमच्या विभागाचा आत्मविश्वास जुना आहे!

आता घरगुती गोष्ट सांगतो.

माझा मोठा भाऊ, दादा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. 1979 साली त्याचं बिनसलं. कामावर जाईना, रात्री झोपेना, आणि एके दिवशी त्यानं जेवण सोडलं. आई अन्नात काही घालते, असं त्याच्या मनानं घेतलं. आमच्या आईनं! मी तेव्हा प्रबंध लिहीत होतो. मी काय केलं असेल? मी त्याच्याशी वाद घातला. तुझ्याकडे पुरावा काय? आई असं का करेल? तिचा हेतू काय? त्याच ताटातलं आम्ही खातो, आम्हांला काही होत नाही, मग तुझं अनुमान चुकीचं नाही का? तीन दिवस मी तर्कशास्त्र चालवलं. चौथ्या दिवशी त्यानं पाणीही सोडलं, कारण आता मीही कटात आहे अशी त्याची खात्री पटली.

त्या काळी 1912 चा कायदा चालू होता, इंग्रजांचा. दाखल करायचं तर नातेवाइकानं मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे आणि कोर्टाचा हुकूम आणायचा. चोरीच्या खटल्यासाठी जातात त्याच इमारतीत मी भावासाठी गेलो. शेजाऱ्यांनी काय म्हटलं असेल ते तुम्ही ओळखा. मराठीत गावांची नावंच शिवीसारखी वापरली आहेत आपण, "याला ठाण्याला पाठवा", "येरवड्याला न्या". राज्यातल्या एका सरकारी मनोरुग्णालयात त्याला दाखल केलं. कुठल्या, ते सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते तेव्हा कुठेही घडलं असतं.

आठ दिवसांनी भेटायला गेलो तर वॉर्डात दादाला पलंगाला बांधलेलं होतं. सुती पट्ट्या होत्या, मनगटांना. मी संतापलो. ड्यूटीवरच्या सिस्टर थकलेल्या दिसत होत्या. त्या म्हणाल्या, "रात्री दोघंच असतो हो आम्ही. साठ पेशंट आहेत. हे काल रात्री खिडकीवर चढले होते." मला बोलायला काही सुचलं नाही. पट्ट्या त्यांनीच सोडल्या, माझ्यादेखत.

मग जेवणाची वेळ झाली. वॉर्डात एक सेवक होते, पन्नाशीचे. सगळे त्यांना 'मामा' म्हणत, रुग्णही आणि सिस्टरही. मी दादाला समजवायला सुरुवात केली तशी ते म्हणाले, "काय सांगू नका त्यास्नी. निस्तं बसा." त्यांनी ताट जमिनीवर ठेवलं, स्वतः मांडी घालून दादाच्या शेजारी बसले, समोर नव्हे बरं का, शेजारी. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, स्वतः खाल्ला. उरलेली भाकरी ताटात तशीच ठेवली. दादाकडे बघितलं नाही, एक शब्द बोलले नाहीत. खिडकीबाहेर कावळा होता, त्याच्याकडे बघत बसले. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. दादानं हात पुढे केला.

त्याच ताटातलं आम्हीही खातो, हे मी त्याला शंभर वेळा सांगितलं होतं. मामांनी तेच केलं, फक्त सांगितलं नाही. सांगण्यात "तू चुकतोस" हे आलंच होतं. मामांच्या खाण्यात ते नव्हतं. हे मला तेव्हा कळलं असं नाही. तेव्हा फक्त अपमान वाटला.

आता इतिहासाकडे परत जाऊ, आणि फ्रान्स सोडून इंग्लंडमध्ये येऊ. यॉर्क शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात 1790 साली हॅना मिल्स नावाची क्वेकर पंथाची एक विधवा दाखल झाली. पंथातल्या लोकांना तिला भेटू दिलं नाही आणि काही आठवड्यांतच ती मेली. त्यावरून विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्यानं खटपट करून 1796 साली 'रिट्रीट' नावाची वेगळी संस्था उघडली. ट्यूक घराण्याचं नाव इतिहासात आहे. पण रोजचं काम कोण करत होतं? जॉर्ज जेप्सन, आधी विणकर होता, औषधांचं ज्ञान स्वतःच मिळवलेलं. आणि स्त्रियांकडे बघणारी कॅथरीन ॲलन. पुढे या दोघांनी लग्न केलं. म्हणजे पॅरिसला कातडी कमावणारा आणि त्याची बायको, यॉर्कला विणकर आणि त्याची बायको. डॉक्टर नसलेली दोन जोडपी.

रिट्रीटमधली एक हकीगत संस्थापकाच्या नातवानं, सॅम्युएल ट्यूकनं, 1813 च्या आपल्या पुस्तकात दिली आहे. चौतीस वर्षांचा एक धिप्पाड माणूस आणला गेला. इतके दिवस बेड्यांत होता की त्याच्या कपड्यांना नाड्या लावलेल्या होत्या, बेड्या न काढता कपडे बदलता यावेत म्हणून! विचार करा, कोणीतरी शिंप्यानं बसून ते कपडे शिवले असतील. रिट्रीटमध्ये आल्या आल्या बेड्या काढल्या आणि त्याला व्यवस्थापकाच्या पंगतीला रात्रीच्या जेवणाला बसवलं. पुन्हा जेवणच, बघा. चारेक महिन्यांनी तो बरा होऊन गेला.

पण रिट्रीट लहान होतं, आणि क्वेकर मंडळींकडे पैसे होते. पुढच्या शतकात सरकारी खर्चानं जी प्रचंड वेडालयं बांधली गेली तिथे ही पद्धत टिकणं अवघड होतं. लंडनजवळच्या हॅनवेलमध्ये जॉन कॉनली या डॉक्टरनं 1839 साली यांत्रिक बंधनं पूर्ण बंद केली, हे खरं आणि मोठं काम आहे. त्यांनी एक गोष्ट ओळखली होती : बांधायचं नसेल तर माणसं लागतात, आणि चांगली माणसं लागतात. पण पगार तुटपुंजा, राहणं वॉर्डातच, कामाचे तास मोजायचे नाहीत. पुरुष सेवक निवडताना अंगापिंडानं दणकट बघायचे. संस्थेच्या बँडमध्ये वाजवता येतं का, क्रिकेट येतं का, हेही बघायचे. हसू नका, त्यात थोडं शहाणपणही होतं. रुग्णांबरोबर दिवसभर काहीतरी करायचं तर वाजवता येणारा माणूस बरा!

डॉक्टरांच्या संघटनेनं 1885 साली या सेवकांसाठी एक छोटंसं पुस्तक काढलं आणि 1891 पासून परीक्षा सुरू केली. त्यात शरीररचना होती, मज्जासंस्था होती, आणि आज्ञापालन होतं. या सेवकांना, निदान त्यांतल्या बायकांना, हळूहळू 'नर्स' म्हणू लागले. सामान्य रुग्णालयांतल्या परिचारिका मात्र त्यांना बरोबरीची मानायला तयार नव्हत्या. उतरंड सगळीकडे असते. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयानं 1882 साली मानसरोग परिचर्येची शाळा काढली. या सगळ्यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल, मी ते घाईनं ओलांडतो, कारण मला एका बाईंपर्यंत पोचायचं आहे.

हिल्डगार्ड पेप्लाउ. अमेरिकन परिचारिका. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लष्करी मनोरुग्णालयात काम केलेली. तिचं म्हणणं थोडक्यात असं : परिचारिका रुग्णासाठी काही करते एवढ्यानं भागत नाही. तिचं आणि रुग्णाचं नातं हेच उपचाराचं साधन आहे. ते नातं अनोळखीपणापासून सुरू होतं, त्याला टप्पे असतात, आणि ते निगुतीनं संपवावंही लागतं. आपल्या स्वतःच्या मनात काय चाललंय, भीती, किळस, राग, हे परिचारिकेनं तपासलं पाहिजे, कारण रुग्ण ते वाचत असतो. आता मामांनी दादाच्या शेजारी बसून जे केलं ते आठवा. पेप्लाउनं त्याला शब्द दिले. हे ज्ञान आहे, ते शिकता येतं, शिकवता येतं, नुसता 'चांगला स्वभाव' नव्हे, हे तिनं मांडलं.

हे पुस्तक तिनं 1948 सालीच लिहून पूर्ण केलं होतं. छापलं गेलं 1952 ला. चार वर्षं का? कारण एका नर्सनं, सहलेखक म्हणून कोणी डॉक्टर न घेता, सिद्धान्ताचं पुस्तक लिहावं हे प्रकाशकांच्या पचनी पडेना. पुसाँचं टिपण दप्तरात पडून राहिलं त्याची ही धाकटी बहीण म्हणा.

त्याच 1952 साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मानसरोगांवर वापरात आलं. औषधांना मी कमी लेखणार नाही. दादाला आराम पडला तो त्यांच्यामुळेच, हे मी कुठेही सांगेन. पण गोळी तोंडात जाते कशी, हा प्रश्न राहतोच. अन्नात विष आहे असं मानणारा माणूस गोळी कशाला घेईल? दादानं ती मामांच्या हातून घेतली.

इथपर्यंत ऐकताना तुम्हांला वाटलं असेल, सर सेवकांची आरती ओवाळत आहेत. म्हणून पुढचं सांगणं भाग आहे. ऐकायला जड आहे.

जर्मनीत नाझी राजवटीनं जानेवारी 1940 ते ऑगस्ट 1941 या काळात सत्तर हजारांहून अधिक मनोरुग्ण आणि अपंग माणसं विषारी वायूनं मारली. नंतर वायूची केंद्रं थांबली, हत्या थांबल्या नाहीत. त्या वॉर्डांत शिरल्या. मेझेरित्झ-ओब्रावाल्डे नावाचं मनोरुग्णालय होतं, ती जागा आज पोलंडमध्ये आहे. तिथे हजारो रुग्ण गुंगीच्या औषधांचे जास्त डोस देऊन मारले गेले, आणि ते डोस दिले परिचारिकांनी. 1965 साली म्युनिकमध्ये त्यांच्यापैकी चौदा जणींवर खटला चालला. चौदाही सुटल्या. जबान्यांमध्ये कोणी म्हणालं, हुकूम होता. आणि एकीनं सांगितलं की ते औषध पाजताना मी रुग्णाला मायेनं जवळ घेत असे.

हे वाचल्यावर मी बरेच दिवस या विषयावर काही वाचलं नाही. कारण तो हात, तो पेला, ते शेजारी बसणं, बाहेरून बघणाऱ्याला मामांच्या कृतीपेक्षा वेगळं दिसलं नसतं. रुग्णाचा विश्वास मिळवण्याची जी हातोटी पेप्लाउ शिकवते तीच इथे मारायला वापरली गेली. म्हणजे नुसती माया पुरत नाही. नुसतं कौशल्यही पुरत नाही. पुसाँचा तो कोरडा नियम, उलट हात उचलायचा नाही म्हणजे नाही, तो मला आता फार मोठा वाटतो. तिथे सेवकाच्या भावनेवर काही सोडलेलं नाही. आणि हे मी म्हणतोय, म्हणजे शेवटी कांटच्याच दारात येऊन उभा राहिलोय, याची मला जाणीव आहे.

आपल्या देशाकडे येतो. 1954 साली बंगळूरमध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली, आजची निमहान्स. तिथे मानसरोग परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला, आणि परिचर्येचं हे शास्त्र आपल्याकडे रीतसर शिकवलं जाऊ लागलं. 1912 चा कायदा जाऊन 1987 चा आला. आणि तरीही 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे तामिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका खासगी निवासात आग लागली आणि 28 माणसं जळून मेली. पळता आलं नाही, कारण ती साखळीनं बांधलेली होती. बिसेत्रच्या साखळ्या निघाल्याला तेव्हा दोनशे चार वर्षं झाली होती. कुटुंबांनी त्यांना तिथे का ठेवलं होतं, हे मी विचारणार नाही. मी स्वतः कोर्टात अर्ज घेऊन गेलेला माणूस आहे. पर्याय संपतात तेव्हा माणूस कुठेही ठेवतो.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा साखळीनं बांधायला स्पष्ट बंदी घालतो, कुठल्याही स्वरूपात. रुग्णाला शारीरिक रीत्या जखडायचं असेल तर तेही केवळ तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हा, डॉक्टरांच्या परवानगीनं, गरजेपुरता वेळ, आणि नोंद करून. शिक्षा म्हणून नाही. आणि त्यात एक वाक्य असं आहे, तुम्ही जरूर काढून वाचा, कलम 97, की कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणासाठी कोणालाही बांधता येणार नाही.

हे वाक्य मी वाचलं तेव्हा मला सिस्टरांचा तो आवाज ऐकू आला. "रात्री दोघंच असतो हो आम्ही." कायदा करणाऱ्यांपैकी कोणाला तरी वॉर्डातली रात्र माहीत असली पाहिजे, नाहीतर हे वाक्य सुचलं नसतं. पण साठांना दोन, हा हिशेब कायद्याच्या वाक्यानं बदलत नाही. तिथे जागा भरायला लागतात, पगार द्यायला लागतो, शिकलेल्या नर्सला त्याच वॉर्डात टिकवावं लागतं, पुढच्या बदलीत तिला बाळंतपणाच्या विभागात पाठवून चालत नाही. तुमच्या जिल्ह्यात मानसोपचाराच्या वॉर्डाला रात्री किती माणसं असतात, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. श्रोत्यांपैकी कोणी विचारलं तर मला कळवा.

दादा अकरा महिन्यांनी घरी आला. पुढे पंचवीस वर्षं जगला, एका ओळखीच्यांच्या छापखान्यात प्रुफं तपासायचं काम करत असे. माझ्या पहिल्या पुस्तकाची प्रुफं त्यानंच पाहिली, आणि कांटवरच्या प्रकरणात दोन चुका काढल्या. रुग्णालयाविषयी तो फारसं बोलत नसे. आईच्या हातचं मात्र शेवटपर्यंत जेवला.

तर ज्यांनी प्रश्न पाठवला होता त्यांना एवढंच सांगतो : बिसेत्रमध्ये जेवायला घालणारीचं नाव मार्गरित ज्युब्लीन. यॉर्कमध्ये जेप्सन आणि कॅथरीन. आमच्या दादाला जेवायला घालणाऱ्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. अकरा महिने दर रविवारी जात होतो, पण त्यांना मामाच म्हणत राहिलो.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ.